सत्तर चिंचोके

सेतुराव गेल्याचं मला दोनदा कळलं. पहिल्यांदा सकाळी पावणेआठला, त्यांच्या धाकट्या भावाच्या, यशवंतरावांच्या, तंजावरहून आलेल्या फोनवरून. "अण्णा गेला," ते म्हणाले. "आवडी स्टेशनावर. गाडीची वाट बघत बाकावर बसला होता. बसूनच गेला." मी वेलचेरीच्या घरात तोंडाला दाढीचा साबण लावून उभा होतो. मी विचारलं, "तुम्ही निघालात का?" ते म्हणाले, "निघालों. बसस्टँडवर आहें." दुसऱ्यांदा कळलं ते साडेअकराला, कंपनीच्या मेलमधून. 'आपल्या कुटुंबातील एक ज्येष्ठ सदस्य' असा त्यात उल्लेख होता, आणि मेलच्या तळाशी, काढायचं राहून गेलेलं, मागच्या आठवड्यातल्या रक्तदान शिबिराचं आवाहन होतं.

पुढच्या सोमवारी अंबत्तूरच्या आमच्या कार्यालयात शोकसभा झाली. पडद्यावर सेतुरावांचा फोटो होता. वार्षिक समारंभात 'आपली संस्कृती' या कार्यक्रमासाठी ते तंजावरचे मराठी म्हणून त्यांना फेटा बांधला होता आणि मिशा चिकटवल्या होत्या, तेव्हाचा. कंपनीकडे त्यांचा दुसरा फोटो नव्हता. साहेबांनी त्यांना 'द्रष्टे' म्हटलं. बारा वर्षांत त्यांना एकदाही बढती न देणाऱ्या माणसाने हा शब्द वापरला, तेव्हा शेजारच्या खुर्चीवरून सेतुरावांचा तो खोल आवाज येईल असं मला क्षणभर वाटलं... "सरी, सरी, बरं. झालं का? कामाला लागूं." शेजारची खुर्ची अर्थातच रिकामी होती. तिच्यावर कोणीतरी बिस्किटांचा ट्रे ठेवला होता.

टी. आर. सेतुमाधवराव. घरी अण्णा, कार्यालयात सेतु सर, माझ्यासाठी सेतुराव. त्यांचे पूर्वज कधी काळी तंजावरला आले आणि तिथेच राहिले. घरात मराठी टिकली ती लोणच्यासारखी, बरणीत मुरत. मी अकोल्याचा, पण त्यांच्या लेखी महाराष्ट्रातून आलेला प्रत्येक जण पुणेकर. मी चोवीस वर्षांचा असताना पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "पुणेकर, जेवण झालं कीं?" मी म्हटलं, मी अकोल्याचा. ते म्हणाले, "असूं दे. जेवलांत कीं नाहीं ते सांगा." त्यांची बायको आवडीला एका सरकारी कारखान्यात होती, म्हणून बिऱ्हाड तिथल्या क्वार्टर्समध्ये. ते रोज लोकलने अंबत्तूरला यायचे, डब्यात दहीभात आणि खिशात पेन्सिल. संगणकावर काम करणाऱ्या माणसाच्या खिशात पेन्सिल पाहून आम्ही पोरं हसायचो. ते भोकं पाडलेल्या कार्डांच्या काळात प्रोग्राम लिहायला शिकले होते. तिथे एक आकडा एक घर सरकला तर सगळा गठ्ठा वाया जायचा. ही गोष्ट ते वारंवार सांगत, आणि मी ती वारंवार ऐकत नसे.

आमची कंपनी छोटी, काम बाहेरचं. एका परदेशी कंपनीने पटावरचे खेळ संगणकावर खेळण्याचा एक प्रोग्राम काढला होता. त्यात बुद्धिबळ वगैरे चार-पाच खेळ होते आणि बाहेरच्या कोणीही नवा खेळ लिहून तो जोडावा अशी सोय होती. असा जोडायचा तुकडा म्हणजे प्लगइन. आमच्या साहेबांना भारतीय संस्कृती जगाला दाखवायची होती, म्हणून पल्लांकुळी निवडला गेला. लाकडी पट, समोरासमोर सात-सात खळगे, प्रत्येकात पाच चिंचोके. एका खळग्यातले उचलायचे, पुढे एकेक पेरत जायचं, नियमाप्रमाणे जमतील ते आपल्या बाजूला काढून ठेवायचे. तमिळ घरांत हा बायकांचा खेळ. नियम मात्र घरोघरी वेगळे. सेतुरावांनी त्यांच्या घरचे नियम तोंडपाठ सांगितले. "आमची अम्मा एक वर्ष अंथरुणावर होती. मी आणि यशवंत, दोघेही तिच्याशी खेळायचों. ती झोपली कीं आम्ही दोघे." हे सांगताना ते भावाचं नाव अडखळत उच्चारत. दोघांचं बोलणं पाच वर्षं बंद होतं, हे मला नंतर कळलं.

कारण असं की वडिलांचं श्राद्ध थोरल्याने, म्हणजे सेतुरावांनी करायचं. एका वर्षी तिथी आली बुधवारी, आणि त्या आठवड्यात कार्यालयात रजा मिळेना. सेतुरावांनी श्राद्ध आवडीच्या घरी रविवारी उरकलं. यशवंतराव तंजावरला शाळामास्तर, गणिताचे. त्यांनी फोनवर एकच प्रश्न विचारला, "अप्पा रविवारी मेले होते काय?" सेतुरावांनी फोन ठेवला. दोघेही हट्टी, दोघांनाही आपलंच बरोबर आहे हे पक्कं ठाऊक.

प्लगइन तयार झालं, सर्व्हरवर चढलं, आणि खेळायला फारसं कोणी आलं नाही. जगाला आमच्या संस्कृतीची घाई नव्हती. अकरा डाव चालू होते. त्यातल्या एका डावात सेतुरावांसमोर तंजावरच्या एका ब्राउझिंग सेंटरमधून, म्हणजे सायबर कॅफेतून, कोणीतरी येऊन बसलं होतं. नाव नुसतंच 'मास्तर'. पहिली खेळी तिसऱ्या खळग्यातून. सेतुराव पडद्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग मला म्हणाले, "तिसऱ्यातून फक्त अम्मा सुरू करायची. आणि तिच्याकडून शिकलेला एक जण." काकांना खेळाचा पत्ता सेतुरावांच्या मुलीने, जानकीने दिला होता. घरात तिने कोणालाच काही सांगितलं नाही. दोघा भावांनीही एकमेकांना ओळखल्याचं दाखवलं नाही. दिवसाला एक खेळी. सेतुराव सकाळी येऊन डबा ठेवायच्या आधी भावाची खेळी बघायचे. ज्या दिवशी खेळी आलेली नसे, त्या दिवशी ते कोणाशी नीट बोलत नसत.

प्रत्येक डाव सर्व्हरवर एका फाइलमध्ये राहायचा, आणि ते काम माझ्याकडे होतं. डावात सांभाळायचं काय? चौदा खळग्यांतले चौदा आकडे, दोघांनी जिंकलेल्या चिंचोक्यांचे दोन, आणि पाळी कोणाची त्याचा एक. मी काय केलं, संगणकाच्या स्मृतीत हे सतरा आकडे जसे एकापुढे एक होते, तसेच उचलून फाइलमध्ये ओतले. ना कशाला नाव, ना खूण. पहिलं घर म्हणजे पहिला खळगा हे फक्त माझ्या प्रोग्रामला माहीत. झटपट चालतं, फाइल इवलीशी, आणि उघडून पाहिली तर माणसाला काहीच कळत नाही. त्या वयात मला हा गुण वाटायचा. सेतुराव म्हणाले, "पुणेकर, नांव घालून लिहा. एका ओळीत एक गोष्ट. डोळ्यांनी वाचतां यायला पाहिजे." मी म्हटलं, "सेतुराव, फाइल मी कशाला वाचू? प्रोग्राम वाचेल ना." ते म्हणाले, "आणि प्रोग्राम चुकला तर?" मी हसलो. ते हसणं मला आजही ऐकू येतं.

मग साहेबांना वाटलं, खेळाडू येत नाहीत कारण पट देखणा नाही. शिसवी हवा, पितळी हवा, खेळाडूने रंग निवडावा. मी रंगाचा एक आकडा वाढवला, आणि तो शेवटी न जोडता अगदी सुरुवातीला घातला, का तर यादीत तिथे शोभून दिसत होता. नवी आवृत्ती चढवली. जुन्या फाइली नव्या प्रोग्रामने वाचल्या तेव्हा सगळे आकडे एक घर सरकले. पहिला खळगा रंगाच्या जागी गेला, जिंकलेले चिंचोके खळग्यात आले. एवढ्यावर थांबलं असतं तर उलटं सरकवून सगळं परत मिळालं असतं. पण मी हौसेने एक 'साफसफाई' लिहिली होती. जो आकडा पटत नाही तो शून्य करायचा, आणि फाइल लगेच पुन्हा जतन करायची. प्रोग्रामने अकराही डाव इमानदारीने साफ केले.

साहेबांनी तोडगा काढला तो असा की सगळ्यांना मेल पाठवा, 'नव्या शिसवी पटावर नव्याने खेळा.' बाकीच्या खेळाडूंना त्याचं काहीच वाटलं नाही. सेतुराव मात्र खुर्चीत ताठ बसले होते. मी चाचरत म्हटलं, "सॉरी, सेतुराव. नवा डाव टाकू या का?" ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी हरत होतों." मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. लहानपणी एकदा हरायला लागल्यावर त्यांनी पट लाथेने उधळला होता. चिंचोके अम्माच्या अंथरुणात जाऊन पडले होते. यशवंत तेव्हा सात वर्षांचा. तो रडला नाही, नुसता सगळे चिंचोके वेचत राहिला, सत्तर भरेपर्यंत. "आतां तो सेंटरमध्ये जाऊन बसेल. पट विस्कटलेला दिसेल. त्याला काय वाटेल, सांगा? अण्णा हरत होता, अण्णाने पुन्हां उधळलं."

त्यानंतरचे चार दिवस मी त्या माणसाचा हट्ट पाहिला. फाइलमधली प्रत्येक अक्षरखूण त्यांनी कागदावर पेन्सिलीने उतरवून घेतली, घरं आखली, एकेक आकडा मागे सरकवला. त्यांच्या हाताशी एकच आधार होता, पटावर आणि जिंकलेल्यांत मिळून चिंचोके नेहमी सत्तरच असणार. तेरा खळगे परत मिळाले. त्यांची बेरीज एक्केचाळीस. पहिला खळगा आणि दोघांनी जिंकलेले, हे तीन आकडे गेले ते गेलेच. तिघांत मिळून एकोणतीस, एवढंच ठाऊक. आधीच्या खेळ्या आठवून त्यांनी शक्यता कमी करत आणल्या, शेवटी दोन उरल्या. मी म्हटलं, "यातली एक घालून टाका. जवळपास तीच असेल." तेव्हा ते पहिल्यांदा माझ्यावर चिडले. "अंदाज लिहायचा असेल तर फाइल कशाला पाहिजे? अंदाज डोक्यांत राहतो कीं."

पाचव्या दिवशी सकाळी त्यांना एकदम आठवलं. अम्माचा लाकडी पट तंजावरला यशवंतकडेच होता. गणिताचा मास्तर ब्राउझिंग सेंटरमध्ये बसून विचार करणार नाही. तो घरी पट मांडून ठेवत असणार, खेळी ठरवत असणार, आणि सेंटरमध्ये फक्त टाइप करायला जात असणार. म्हणजे डावाची दुसरी प्रत होती. लाकडाची, चिंचोक्यांची, आणि पाच वर्षं न बोललेल्या माणसाच्या घरात.

ते जिन्याच्या वळणावर जाऊन उभे राहिले. मला वही घेऊन बोलावलं. "पुणेकर, तुम्ही लिहा. मी विचारतों." मोबाइलचा आवाज मोठा असायचा त्यांचा, म्हणून दोन्हीकडचं ऐकू आलं.

"यशवंत. मी."

पलीकडे कोणाच्या तरी घराबाहेर भाजीवाला ओरडत होता.

"मी उधळलं नाहीं," सेतुराव म्हणाले. "इथे एका पुणेकराने घोळ केला. देवाशप्पथ."

"ठाऊक आहे," यशवंतराव म्हणाले. "तू उधळला असतास तर सत्तरही गेले असते. तिथे तर काहीतरी उरलें आहे. पट मांडून ठेवला आहे मी. विचार."

मला माहीत होतं की सेतुरावांना तीनच आकडे हवे होते. त्यांनी सोळा विचारले. एकेक खळगा, "माझ्या बाजूचा पहिला, दुसरा, तुझ्या बाजूचा पहिला..." यशवंतराव सांगत गेले, मी लिहीत गेलो. तीन. शून्य. सहा. पुढे मास्तरच म्हणाले, "बेरीज कर." मी केली. "सत्तर," मी मोठ्याने सांगितलं, तर पलीकडून आवाज आला, "हाच कां तो पुणेकर? ह्याला बेरीज येते तर मग घोळ कसा झाला?" सेतुराव हसले. फोन ठेवायची वेळ आली होती आणि कोणीच ठेवत नव्हतं. शेवटी सेतुराव म्हणाले, "ह्या वर्षीं तिथी कधी येते?" यशवंतराव म्हणाले, "गुरुवारीं." सेतुराव म्हणाले, "येतों."

तो गुरुवार नेमका साहेबांच्या एका मोठ्या सादरीकरणाचा होता. सेतुरावांनी रजेचा अर्ज टेबलावर ठेवला, मंजुरीची वाट पाहिली नाही आणि बुधवारीच निघून गेले. साहेबांनी बांधिलकी या विषयावर सगळ्यांना मेल लिहिला. तंजावरहून परतले ते डब्यात वडे घेऊन, आणि आल्या आल्या माझी खुर्ची ओढून म्हणाले, "आतां फाइल नीट लिहूं."

आम्ही ती पुन्हा लिहिली. साधा मजकूर, कोणालाही उघडून वाचता येईल असा. पहिल्या ओळीत आवृत्तीचा क्रमांक, म्हणजे वाचणाऱ्याला आपण काय वाचतोय ते आधी कळेल. मग प्रत्येक ओळीत एक नाव आणि त्याची किंमत. शेवटच्या ओळीत एकूण सत्तर, आणि सत्तर भरत नसेल तर प्रोग्रामने थांबायचं, हात लावायचा नाही. जतन करताना आधी नवी फाइल पूर्ण लिहायची, मगच जुनीची जागा तिला द्यायची. हे सगळं पुढे मला पुस्तकांतही सापडलं, काही ठिकाणी मोठमोठ्या नावांनी. पण त्यांचा एक नियम होता, तो ते स्वतः पेन्सिलीने कागदावर लिहून माझ्या पडद्याच्या कडेला चिकटवून गेले. न समजलेली ओळ फेकायची नाही. जशी वाचली तशी परत लिहायची. मी विचारलं, "आपल्याला न समजणारी ओळ फाइलमध्ये येईलच कशी?" ते म्हणाले, "आपल्यानंतर कोणी घातली असेल. किंवा आपल्या आधीं. आपल्याला समजत नाहीं म्हणजे ती चूक आहे असं थोडंच?"

दोन वर्षांपूर्वी कंपनीने तो खेळ बंद केला. त्याचीही एक सभा झाली. मी सर्व्हरचा प्रोग्राम आणि फाइली पेन ड्राइव्हवर घेतल्या आणि वेलचेरीच्या घरातल्या जुन्या संगणकावर चालू ठेवल्या. तोवर खेळाडू दोनच उरले होते. मागच्या पावसाळ्यात आमच्या रस्त्यावर कमरेएवढं पाणी आलं, तेव्हा सेतुरावांचा फोन आला. "पेटी कुठल्या मजल्यावर आहे?" पेटी म्हणजे तो संगणक. मी म्हटलं, "मी बरा आहे, सेतुराव." ते म्हणाले, "तें आवाजावरून कळलं. पेटी?" एव्हाना दोघे भाऊ आठवड्यातून दोनदा फोनवर बोलत होते, तब्येत, जानकीची नोकरी, सगळं. पण डावाबद्दल फोनवर बोलायचं नाही, असा त्यांच्यात न ठरवताच ठरलेला नियम होता. तो फक्त फाइलमध्ये.

तेराव्याला मी आवडीला गेलो. यशवंतरावांना त्या दिवशी मी प्रत्यक्ष पहिल्यांदा पाहिलं. भावासारखेच, फक्त कमी केसांचे, आणि खिशात पेन्सिलीऐवजी खडूचा तुकडा. जेवणं झाल्यावर त्यांनी मला गॅलरीत बोलावलं.

"पुणेकर, पाळी कोणाची आहे?"

त्यांना ते माहीत होतं. मी तरी सांगितलं, "सेतुरावांची. तुमची खेळी ते गेले त्याच्या आदल्या दिवशी आली होती."

"मग आतां काय होईल?"

मला त्याच क्षणी आठवलं. फार पूर्वी मीच नियम घातला होता. तीस दिवस खेळी आली नाही, तर समोरचा जिंकला असं लिहून डाव बंद करायचा आणि फाइल पुसायची. जागा वाचावी म्हणून. मी ते सांगितलं. यशवंतरावांनी कठड्यावर हात ठेवला. खाली जानकी पाहुण्यांना रिक्षा बघून देत होती.

"मी जिंकलों म्हणून सांगणारी फाइल मला नको," ते म्हणाले. "पटही मी तसाच ठेवला आहे. सकाळी पुसतों तेव्हां एकेक खळगा उचलून पुसतों. त्याची पाळी आहे ना, मग त्याचीच असूं दे."

मी घरी आलो आणि त्याच संध्याकाळी बसलो. नियम प्रोग्राममधून काढून टाकणं सोपं होतं, पण उद्या मी नसेन, दुसऱ्या कोणाच्या तरी संगणकावर एखादी जुनी आवृत्ती चालत असेल, आणि ती तीस दिवस मोजेल. म्हणून नियम दोन्हीकडे मोडला. प्रोग्रामला सांगितलं की फाइल पुसण्याचं काम कधीच, कोणत्याही कारणाने करायचं नाही. जुन्या प्रतीही शोधून शोधून बदलल्या, माझ्याकडच्या, जानकीकडची, आणि तंजावरच्या शाळेतल्या संगणकावर यशवंतरावांनी ठेवलेली. मग ती फाइल उघडली. डोळ्यांनी वाचता आली. पहिली ओळ आवृत्तीची, मग खळगे, मग जिंकलेले, मग पाळी, त्यापुढे सेतुरावांचं नाव, आणि तळाला सत्तर. पाळीच्या खाली मी एक नवी ओळ घातली. मुदत नाही.

ती ओळ काय आहे हे आणखी वीस वर्षांनी कदाचित कोणाला कळणार नाही. हरकत नाही. प्रोग्राम ती फेकणार नाही, जशी वाचली तशी परत लिहील. एवढं मी तपासून घेतलं आहे, आणि घेत राहणार आहे. प्रोग्राममध्ये काहीही बदल केला, अगदी एका स्वल्पविरामाचा, तरी सगळ्यात आधी हीच फाइल उघडून बघतो. बेरीज करतो. सत्तर भरतात. पाळी सेतुरावांची असते. मग पुढच्या कामाला लागतो.